खानेसुमारीच्या दोन रात्रींमधील कुटुंब

सामान्य कामकरी कुटुंबाचा इतिहास लिहू पाहणाऱ्यास सनदा, वंशावळी अथवा घरगुती दप्तर यांचा आधार सहसा मिळत नाही. स्कॉटलंडपुरती ही उणीव व्हिक्टोरिया राणीच्या काळातील खानेसुमारीने बरीच भरून काढली आहे. १८४१ पासून दर दहा वर्षांनी झालेल्या गणनांच्या नोंदवह्या अभ्यासकांस खुल्या आहेत. त्या कशा वाचाव्यात आणि त्यांतून कोण निसटते, याचा विचार येथे करावयाचा आहे.

पहिली अडचण १८४१ च्या वहीतच उभी राहते. पंधरा वर्षांवरील माणसाचे वय पाचाच्या पटीत खाली आणून लिहावे, अशी प्रगणकांस सूचना होती. त्यामुळे एकोणतीस वर्षांचा विणकर पंचवीस वर्षांचा म्हणून नोंदला जाई. (ही सूचना सर्वांनीच पाळली असेही नाही.) घरातील माणसांची परस्परांशी असलेली नाती तीत नाहीत, आणि जन्म त्याच काउंटीत झाला किंवा कसे, एवढेच बहुधा कळते. म्हणून १८५१ ची वही आधी वाचून मग मागे जावे, हे बरे. ३० मार्च १८५१ च्या रात्रीच्या त्या गणनेत कुटुंबप्रमुखाशी नाते, वय आणि जन्माचा पॅरिश हे तिन्ही आढळतात.

जन्मस्थानाच्या रकान्यावरून कुटुंबाचे स्थलांतर ध्यानी येते. समजा, थोरली मुलगी दहा वर्षांची, जन्म किरिम्यूर. धाकटा मुलगा चार वर्षांचा, जन्म डंडी. हातमागावर लिनन विणणारे हे कुटुंब १८४० ते १८४७ च्या दरम्यान शहरात आले, हे उघड होय. पुढील वहीत तीच मुलगी तागाच्या गिरणीत कामास लागलेली दिसावी, यात नवल नाही. बंगालच्या तागाने डंडीचे रूप पालटले होते आणि तेथील गिरण्यांत स्त्रियांचाच भरणा अधिक होता. १८६१ च्या गणनेने तर प्रत्येक घरात खिडकी असलेल्या खोल्या किती, हेही विचारले. स्कॉटलंडमधील सुमारे एकतृतीयांश घरे तेव्हा एका खोलीची होती.

तथापि नामसादृश्यामुळे अभ्यासक फसतो. थोरल्या मुलास पित्याच्या पित्याचे व दुसऱ्यास आईच्या पित्याचे नाव देण्याची रूढी असल्याने एकाच पॅरिशात एकाच नावाचे चार चुलतभाऊ सापडतात. येथे स्त्रीचे माहेरचे आडनाव उपयोगी पडते. स्कॉटलंडमध्ये विवाहाने ते लोपत नसे; १ जानेवारी १८५५ पासून सुरू झालेल्या सरकारी जन्म, विवाह व मृत्यू नोंदींत ते आवर्जून लिहिलेले असते. खानेसुमारीतील कुटुंब हेच आपले कुटुंब, हे त्याच्याशी ताडून पाहिल्यावाचून म्हणू नये.

एक प्रश्न मात्र उरतो. १८४२ साली जन्मून १८४९ साली वारलेले मूल कोणत्याही गणनेत नाही. दफनाच्या नोंदी अनेक पॅरिशांनी ठेवल्याच नाहीत. गरिबाच्या थडग्यावर शिलालेखही नसे. अशा मुलाचा माग एखादे वेळी लागतो, तो त्याच्या धाकट्या भावंडामुळे. १८५५ साली जन्मलेल्या बालकाच्या नोंदीत आईबापांस पूर्वी किती मुले झाली, त्यांपैकी हयात किती व मृत किती, हे आकडे भरून घेतले जात. त्यांत नाव नसते, केवळ संख्या असते. प्रगणनेतील मुलांशी ती ताडून पाहता कमी पडणारे मूल उघडकीस येते. भरणाऱ्यांस हे काम फार किचकट वाटले, आणि १८५६ पासून तो रकाना वगळण्यात आला.