द्रव्याचा जमाखर्च

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्समध्ये मीठ, तंबाखू आणि पॅरिस शहरात येणारा माल यांवरील कर सरकार स्वतः वसूल करीत नसे. त्याचा इजारा काही धनिक गृहस्थांच्या मंडळाकडे असे, आणि ठरलेली रक्कम सरकारी खजिन्यात भरल्यावर जो अधिक वसूल हाती येईल तो मंडळाने आपसांत वाटून घ्यावा, अशी वहिवाट होती. १७६८ साली आंत्वान लव्हाझिए हा पंचविशीतला तरुण या इजारदारांत भागीदार झाला आणि त्याच वर्षी विज्ञान अकादमीचा सभासदही झाला. दिवसाचा मोठा भाग दफ्तरी कारभारात आणि सकाळ-संध्याकाळचे काही तास प्रयोगशाळेत, असा त्याचा क्रम पुढे वर्षानुवर्षे चालला. हे दोन व्यवसाय परस्परांपासून अगदी दूरचे दिसतात. परंतु ज्या सवयीने तो दफ्तरातील किर्द-खतावणीची रुजवात घेई, त्याच सवयीने त्याने निसर्गातील द्रव्याचीही रुजवात घेतली, आणि आधुनिक रसायनशास्त्राचा पाया तेथेच घातला गेला, असे माझे मत आहे.

वस्तू तोलून पाहण्याची रीत काही त्याने शोधली नव्हती. त्याच्या शतकाहून अधिक काळ आधी ब्रसेल्सच्या व्हान हेल्माँटने २०० पौंड वाळवलेली माती एका कुंडीत घातली, तीत ५ पौंड वजनाचे विलोचे रोप लावले आणि पाच वर्षे त्याला केवळ पाणी दिले. पाच वर्षांनी झाडाचे वजन १६९ पौंडांवर गेले होते, आणि माती मात्र सुमारे दोन औंसच घटली होती. तेव्हा हे सारे लाकूड, साल आणि मुळे पाण्यापासूनच निर्माण झाली, असा निर्णय त्याने दिला. वजने प्रामाणिक होती, धीर असामान्य होता. तरीही निर्णय चुकला, कारण पानांनी हवेतून जो कार्बन डायऑक्साइड घेतला त्याची नोंद कोठेच झाली नव्हती. नवल असे की, सामान्य हवेहून निराळे वायू असतात हे प्रथम ओळखणारा पुरुष हेल्माँटच होता, आणि कोळसा जळताना निघणाऱ्या वायूचा अभ्यासही त्यानेच केला होता. पण आपल्या झाडाच्या हिशेबात हवेच्या नावाचे खाते उघडावे, हे त्याला सुचले नाही.

लव्हाझिएने आरंभापासून हे खाते उघडले, किंवा ते उघडण्याची गरजच पडू नये म्हणून पात्राचे तोंड बंद केले. पाणी दीर्घकाळ उकळल्यास त्याची माती होते, हा त्या काळचा रूढ समज तपासण्यासाठी त्याने वाफ थंड होऊन पुन्हा आत उतरेल अशा बंद काचपात्रात पाणी १०१ दिवस तापवले. पाण्यात गाळ दिसला खरा. परंतु पात्रासह सर्वांचे वजन होते तेवढेच राहिले आणि रिकामे पात्र मात्र हलके झाले होते. माती पाण्याची झालेली नसून काच झिजून आलेली होती.

यापेक्षा कठीण प्रश्न ज्वलनाचा होता. जळणाऱ्या पदार्थातून फ्लॉजिस्टॉन नावाचे द्रव्य निघून जाते, हे जर्मन वैद्य श्टाल याचे मत त्या वेळी युरोपभर मान्य होते, आणि ते निर्बुद्धपणाचे होते असे समजणे अन्यायाचे होईल. लाकूड जळून थोडी राख उरते याचा उलगडा त्याने होत असे; धातूचे भस्म कोळशाबरोबर तापवले की पुन्हा धातू मिळतो, कारण कोळसा आपला फ्लॉजिस्टॉन भस्माला देतो, हेही त्यात सुसंगत बसत असे. अडचण एकच होती: शिसे किंवा कथील जाळले असता त्याचे भस्म मूळ धातूपेक्षा जड भरते. काहीतरी निघून गेले आणि वजन वाढले, हा आकडा कोणत्या वहीत बसवावयाचा? फ्लॉजिस्टॉनला उणे वजन असते, असे म्हणण्यापर्यंत काही विद्वानांची मजल गेली. गंधक आणि फॉस्फरस यांचेही वजन जळताना वाढते, असे लव्हाझिएला १७७२ मध्ये आढळले, आणि त्याने ते एका मोहोरबंद टिपणात लिहून अकादमीच्या स्वाधीन केले.

१७७४ च्या ऑक्टोबरात इंग्लंडचा प्रीस्टली पॅरिसला आला असता, पाऱ्याच्या तांबड्या भस्मापासून आपल्याला एक विलक्षण हवा मिळाली व तीत मेणबत्ती अत्यंत तेजाने जळते, ही वार्ता त्याने लव्हाझिएच्या घरी भोजनप्रसंगी सांगितली. प्रीस्टलीच्या हाती वस्तू आली होती. तिचा अर्थ लव्हाझिएने लावला. त्याने चार औंस पारा लांब वाकड्या मानेच्या काचपात्रात घालून, सुमारे ५० घन इंच हवेच्या सान्निध्यात, सलग बारा दिवस तापवला. हवा आकसून ४२-४३ घन इंचांवर आली, तीत ज्योत विझू लागली, आणि पाऱ्यावर ४५ ग्रेन तांबडे भस्म जमले. मग तेच भस्म त्याने निराळ्या पात्रात अधिक तापवले, तेव्हा साडेएकेचाळीस ग्रेन पारा आणि ७ ते ८ घन इंच वायू परत मिळाला. जेवढी हवा नाहीशी झाली होती, जवळजवळ तेवढीच भस्मातून बाहेर पडली; आणि ती उरलेल्या निरुपयोगी हवेत मिसळताच पूर्वीसारखी सामान्य हवा सिद्ध झाली. एका बाजूने केलेला हिशेब दुसऱ्या बाजूनेही जुळवून पाहणे, हे या प्रयोगाचे खरे सौंदर्य आहे, आणि रसायनशास्त्रातील अन्य कोणताही प्रयोग मला इतका परिपूर्ण वाटत नाही. जळणे म्हणजे काही गमावणे नव्हे, तर प्राणवायूशी संयोग पावणे होय, हे त्यातून सिद्ध झाले.

१७८९ च्या आपल्या ग्रंथात त्याने हे सर्व मांडले, आणि विघटन करता येत नाही अशा ३३ मूलद्रव्यांची यादी दिली. ग्रंथातील उपकरणांची नेटकी चित्रे त्याची पत्नी मारी-आन हिने काढली. फ्लॉजिस्टॉनचा पुरस्कार करणाऱ्या कर्वान यांच्या इंग्रजी निबंधाचे फ्रेंच भाषांतरही तिचेच. लव्हाझिएच्या यादीत प्रकाश आणि उष्णता यांचीही गणना आहे, आणि प्रत्येक आम्लात प्राणवायू असतोच, हा त्याचा सिद्धांतही पुढे टिकला नाही. तथापि या चुका दुरुस्त झाल्या त्या त्यानेच घालून दिलेल्या पद्धतीने, ही गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. प्रीस्टलीने मात्र फ्लॉजिस्टॉन अखेरपर्यंत सोडला नाही.

राज्यक्रांतीच्या धामधुमीत, ८ मे १७९४ रोजी, लव्हाझिएला इतर इजारदारांसह गिलोटिनखाली मृत्युदंड देण्यात आला.

लव्हाझिएची ही तोलून पाहण्याची सवय आजच्या वर्गातही आणता येईल. आपल्या शाळांतून मॅग्नेशियमची फीत जाळून दाखवतात. विद्यार्थी डोळे दिपवणारा प्रकाश पाहतात, पांढरे भस्म पाहतात आणि वहीत समीकरण उतरवून घेतात. शिक्षकांना माझी आग्रहाची विनंती अशी की, ती फीत झाकणाच्या मुशीत तापवावी, हवा आत जाण्यापुरते झाकण अधूनमधून किंचित उचलावे, धूर बाहेर निसटू देऊ नये, आणि आधीचे व नंतरचे वजन विद्यार्थ्यांच्याच हातून करवून, वाढ कोठून झाली हे स्वतः सांगण्यापूर्वी त्यांना विचारावे. पूर्ण ज्वलन झाल्यास २.४ ग्रॅम मॅग्नेशियमपासून सुमारे ४ ग्रॅम ऑक्साइड मिळते, वरचे १.६ ग्रॅम हवेतून आलेले असतात.