सातबारा : लक्षणा आणि विचारप्रक्रिया

प्रस्तावना

'मंत्रालयाने आदेश काढला' या वाक्यात इमारत आदेश काढत नाही, हे कोणास सांगावे लागत नाही. एका वस्तूच्या नावाने तिच्याशी निगडित दुसऱ्या वस्तूचा बोध होणे, यास पाश्चात्त्य परंपरेत 'मेटॉनिमी' म्हणतात. मम्मटाच्या विवेचनात सादृश्यावर आधारलेली लक्षणा ती गौणी, तर अन्य संबंधांवर आधारलेली ती शुद्धा. मेटॉनिमी ही या शुद्धा लक्षणेच्या जवळची होय. जॉर्ज लेकॉफ व मार्क जॉन्सन यांनी १९८० मध्ये ती केवळ भाषेची नव्हे, तर विचाराचीही रीत असल्याचे प्रतिपादन केले. प्रस्तुत लेखात 'सातबारा' या शब्दाच्या आधारे हे तत्त्व स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

अंकापासून जमिनीपर्यंत

गाव नमुना ७ हे अधिकार अभिलेख पत्रक, तर गाव नमुना १२ ही पिकांची नोंदवही. या क्रमांकांवरून उताऱ्यास नाव मिळाले आणि उताऱ्याचे नाव पुढे मालकीस लाभले. 'त्याच्या नावावर सातबारा आहे' म्हणजे तो जमीनधारक. 'सातबारा कोरा करा' ही मागणी शब्दशः घेतल्यास उताऱ्यावर खातेदाराचेही नाव उरणार नाही. तरीही ऐकणाऱ्याचा गोंधळ होत नाही. 'इतर हक्क' या रकान्यातील कर्जाचा बोजा तेवढाच त्याच्या मनात येतो. वस्तूच्या अशा प्रत्यक्ष संबंधित भागास रोनाल्ड लँगॅकर यांनी 'सक्रिय क्षेत्र' म्हटले आहे.

काय झाकले जाते?

एक अंग पुढे आले, की दुसरे मागे पडते. कागद म्हणजेच जमीन, ही सवय जडली की जमीन कसणारा, परंतु नोंद नसलेला माणूस विचारातून गळतो. सातपुड्याच्या पायथ्याशी, म्हसावद परिसरात हा प्रश्न केवळ पुस्तकी राहत नाही. वनहक्क कायदा, २००६ अन्वये १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून वनजमीन कसणाऱ्या आदिवासींचे हक्क मान्य झाले. २००८ च्या नियमांनी इतर पुराव्यांबरोबर गावातील ज्येष्ठांचे लेखी निवेदनही ग्राह्य धरले. म्हणजे जमिनीची ओळख उताऱ्याखेरीज स्मृतीतूनही पटू शकते.

समारोप

तात्पर्य, लक्षणा काव्यशास्त्राच्या अभ्यासपत्रिकेपुरती मर्यादित नाही. 'या शब्दाने काय दाखवले?' या प्रश्नासोबत 'काय झाकले?' हाही प्रश्न वर्गात विचारला गेला, तर भाषेचे अध्यापन विद्यार्थ्याच्या जीवनाशी जोडले जाईल.