तोंडात बसलेलं वाक्य

सांगलीजवळच्या माधवनगरला तासगाव रस्त्याच्या कडेला सकाळी चहाला थांबलं, की दहा मिनिटांत एकदा तरी 'ओक्केमदी' कानावर पडतंच. परवा शेजारच्या बाकावर एकानं यंत्रमागाच्या कारागिराला विचारलं, "पगार झाला का?" तो म्हणाला, "सगळं ओक्केमदी हाय." बशीतला चहा त्यानं ज्या तऱ्हेनं एका घोटात संपवला, त्यावरून पगार झालेला नव्हता हे मलाही कळलं. विचारणाऱ्यानं मात्र पुढं काही विचारलं नाही. त्या शब्दानंतर विचारायला जागाच उरत नाही.

हा शब्द पूर्वीही होता. पण त्याला आजचा अर्थ आला जून 2022 मध्ये. शिवसेनेतून फुटलेले आमदार गुवाहाटीच्या हॉटेलात होते. त्यांतले सांगोल्याचे शहाजीबापू पाटील फोनवर गावाकडच्या कार्यकर्त्याशी बोलले, ते बोलणं बाहेर आलं आणि 'काय झाडी, काय डोंगार, काय हाटील' आणि त्यामागचं 'ओक्के' बघता बघता राज्यभर पसरलं. गाणी निघाली, वराती नाचल्या. सगळ्यांना नवल वाटलं, तरी आमच्या भागात ते वाक्य नवं नव्हतंच. लग्नाहून आलेली बाई ओसरीत टेकायच्या आधीच सांगते, "काय मांडव, काय जेवाण, काय मानपान!" साचा घरचा होता, शहाजीबापूंनी त्यात फक्त आसाम ओतला. म्हणून तर पावसाळ्यात रस्त्यावरून जाताना कुणीही 'काय खड्डं, काय चिखूल' म्हणू लागला. त्याला ते कुणी शिकवावं लागलं नाही.

ऑगस्टच्या अधिवेशनात विरोधकांनी तेच 'ओक्के' विधान भवनाच्या पायऱ्यांवर नेलं आणि त्याला 'पन्नास खोके' जोडले. खोका म्हणजे कोटी, हे ज्यांना ठाऊक नव्हतं त्यांनाही त्या आठवड्यात कळलं. आरोप खरा की खोटा, हा प्रश्न बाजूला राहिला, कारण यमक जुळलं होतं. 2000 साली अमेरिकेत एक प्रयोग झाला होता: एकाच अर्थाच्या दोन म्हणी, एक यमकातली आणि एक साधी. यमकातली लोकांना जास्त खरी वाटली. आपल्याकडच्या कुठल्याही नंदीबैलवाल्याला हे प्रयोगाशिवाय माहीत आहे. पक्ष कुणाचा, निवडून आलेल्या आमदारांचा की संघटनेचा, हा त्या फुटीतला खरा पेच. त्यावर सर्वोच्च न्यायालयाचा निकाल 11 मे 2023 ला आला. त्यातलं एक वाक्यही चहाच्या टपरीवर कुणाला आठवत नाही. झाडी सगळ्यांना आठवते.

याच रस्त्यानं पुढं गेलं की तासगाव, आणि त्या तालुक्यात अंजनी. आर. आर. पाटलांचं, म्हणजे आबांचं गाव. वाक्य माणसाला कसं चढवतं आणि कसं पाडतं, याचं आबांइतकं जवळचं उदाहरण माझ्यापुढं दुसरं नाही. ग्रामविकासमंत्री असताना, 2000-01 मध्ये त्यांनी संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू केलं. तोवर 'परसाकडं' हा चारचौघांत चालणारा शब्द होता. अभियानात गावाच्या वेशीवरच्या फलकावर चक्क 'हागणदारीमुक्त' आलं, मंत्री ते व्यासपीठावरून उच्चारू लागले, शाळेतली पोरं फेरीत ओरडू लागली. आणि पहाटे टमरेल घेऊन निघालेल्यांना अडवणाऱ्या मंडळींचं नाव पडलं 'गुड मॉर्निंग पथक'. ज्यानं कुणी हे नाव शोधलं त्याला मानलं पाहिजे. बॅटरीचा झोत तोंडावर मारायचा, हातात गुलाबाचं फूल द्यायचं आणि वर इंग्रजीत नमस्कार! नावातच अर्धी लाज आणि अर्धा विनोद. पथकापुढं उभ्या असलेल्या, संडास बांधायला हातभर जागा नसलेल्या बाईला तो विनोद कितपत कळला असेल, हे मात्र त्या नावानं कधी ऐकू येऊ दिलं नाही.

2007 मध्ये गृहमंत्री आबांनीच 'तंटामुक्त गाव' दिलं. शब्द द्यायची त्यांची हातोटी होती. आणि 26 नोव्हेंबर 2008 च्या मुंबई हल्ल्यानंतर पत्रकारांपुढं ते हिंदीत बोलले: मोठ्या शहरात असं एखादं घडतं, अशा अर्थाचं. हिंदी ही काही तासगावच्या माणसाची सवयीची भाषा नव्हे. पण 1995 च्या 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे'तला, मोठ्या देशांतल्या छोट्या गोष्टींचा संवाद देशाच्या तोंडात तयार बसला होता. आबांचं वाक्य सरळ त्या साच्यात जाऊन पडलं. दीडशेवर माणसं गेली होती. अशा वेळी सिनेमाच्या चालीतलं वाक्य लोकांना सोसणार नव्हतं, आणि तो राग चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. 1 डिसेंबरला त्यांनी राजीनामा दिला. गृहखातं जयंत पाटलांकडे, म्हणजे परत सांगली जिल्ह्याकडेच आलं. वर्षभरानं आबा पुन्हा गृहमंत्री झाले, 2015 च्या फेब्रुवारीत गेले. मात्र मुंबईत कुणाशीही त्यांचा विषय काढा, आधी ते वाक्य येतं. फलक, पथकं, मिटलेले तंटे मागाहून, आले तर.

साच्याची ही गोष्ट आमच्या जिल्ह्यात फार जुनी आहे. 1943 मध्ये तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहिलं. न्यायदान मंडळं, तुफान सेना, कमी खर्चाची गांधी लग्नं, असा त्याचा कारभार होता. 'प्रति' हा शब्द शेतकऱ्याच्या जिभेला परका. 'पत्री' मात्र ओळखीची: बैलाच्या खुराला ठोकतात ती. बाजारात बैल आडवा पाडून, पाय बांधून नालबंद खिळे ठोकतो, ते प्रत्येकानं पाहिलेलं. प्रतिसरकारची माणसं खबऱ्यांच्या आणि गुंडांच्या तळपायांवर काठ्या मारत. शब्द आणि शिक्षा एकमेकांना भेटले, 'पत्री सरकार' झालं, आणि माणसांच्या पायांत खिळे ठोकतात ही वदंता त्या शब्दानंच पिकवली. दरारा वाढला, त्याचा चळवळीला उपयोगही झाला. पण न्यायनिवाडे करणारं, लग्नं लावणारं सरकार लोकांच्या आठवणीत तळपायापुरतं उरलं.

माझ्या शाळेत क्रांतिदिनाला दरवर्षी त्या काळातले एक म्हातारे पाहुणे यायचे. डोक्याला पटका, हातात काठी. माईक हातात घेतला की पहिलं वाक्य ठरलेलं: "पोरांनो, पत्री न्हवं. प्रति. प्र-ति." आम्ही सगळे एका सुरात "प्र-ति" म्हणायचो. मग तासभर ते निवाड्यांबद्दल, धान्यवाटपाबद्दल सांगायचे, आणि आम्ही वाट पाहायचो खिळ्यांची. शेवटी गुरुजी उठायचे आणि म्हणायचे, "पत्री सरकारच्या या जुन्या शिलेदाराचे आपण आभार मानूया." म्हातारा हसायचा, नारळ काखेत मारायचा आणि एसटी गाठायला निघायचा.