समुपदेशन आणि माणूसपण

लोणंदच्या कांदाबाजारातल्या हमालाचा मी मुलगा, मानसशास्त्रात एम.ए. करतो आहे. त्यातल्या मानवतावादी विचाराचा कार्ल रॉजर्स मला जवळचा वाटतो. समुपदेशकाने समोरच्याला विनाअट स्वीकारावे, त्याच्या जागी उभे राहून ऐकावे, स्वतः खरे असावे, हे त्याने १९५७ साली मांडले. आपल्याकडे पहिला प्रश्न आडनावाचा! अट तिथेच आली. मॅस्लोच्या १९४३ च्या गरजांच्या उतरंडीत अन्नपाणी साधारणपणे आधी, प्रतिष्ठा नंतर. महाडला २० मार्च १९२७ रोजी आपल्या माणसांनी दोन्ही एकाच ओंजळीत घेतली. म्हणून अपमानाने झोप उडालेल्या पोराला ‘जुळवून घे’ सांगणारे समुपदेशन मला मान्य नाही. त्याचा संताप आजार म्हणून नोंदवण्याआधी काय घडले ते विचारावे, आणि मध्ये न बोलता ऐकावे.