मन उडालं, की लाज वाटली?

निकाल लागले की देवळ्यात माझ्या ओट्यावर दोन-चार बाप-लेक हमखास येऊन बसतात. मी गणिताचा निवृत्त मास्तर. नापासांशी माझा जुना ऋणानुबंध. गेल्या वर्षी असाच एक मुलगा आला. अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाचा गणिताचा पेपर, ज्याला पुणे विद्यापीठातली मुलं 'एम-थ्री' म्हणतात, त्याचा दुसऱ्यांदा राहिला होता. "मन लागत नही, सर," एवढंच तो म्हणाला. वडील म्हणाले, "दोन लाख घातले. आता कसं सोडू देऊ?"

आधी वडिलांचं बघू. आपल्या कसमादे पट्ट्यात उन्हाळ कांदा चाळीत भरून ठेवतात, पुढे भाव चढेल या आशेवर. चाळ आज फोडायची की थांबायचं, हे ठरवताना लागवडीला किती खर्च आला हे उमराण्याच्या बाजारात कोणी विचारत नाही. पुढे भाव काय मिळेल आणि तोवर किती माल सडेल, एवढंच बघायचं. फीचंही तसंच. दोन लाख गेले ते गेले. पेपर दिला तरी ते परत येणार नाहीत, सोडला तरी नाहीत. कांद्यावरून सांगितलं म्हणून त्यांना पटलं, एरवी पटलं नसतं.

मग मुलाला विचारलं, "मन कधी उडालं? निकालाच्या आधी, की नंतर?"

या प्रश्नाला मी फार महत्त्व देतो, कारण इथे मी एकदा चुकलो आहे. पूर्वीच्या एका विद्यार्थ्याला पहिल्या सत्रापासूनच त्या शाखेत गोडी नव्हती. तो ते सांगत होता आणि मी म्हणत होतो, "अजून एकदा बस, निघेल." असं करत तीन वर्षं गेली. तो आज सटाण्याला खताबियाण्यांचं दुकान उत्तम चालवतो. ती तीन वर्षं मात्र माझ्या खात्यावर आहेत.

या मुलाचं वेगळं निघालं. वर्कशॉप त्याला आवडत होतं. सुट्टीत गावातल्या विहिरींवरच्या मोटारी तो हौसेनं खोलत होता. दुसऱ्यांदा नापास झाल्यावर मित्रांना तोंड दाखवायला नको म्हणून त्यानं वर्गात जाणं सोडलं. म्हणजे उडालं ते मन नव्हे, लाज वाटली होती. त्याला उत्तरपत्रिकेची छायांकित प्रत मागवायला सांगितली. विद्यापीठ शुल्क घेऊन ती देतं, पण बरेच जण ती बघतच नाहीत. व्हेक्टर कॅल्क्युलसचा प्रश्न अख्खा कोरा होता. तो भाग त्यानं वाचलाच नव्हता.

नियमही समजून घ्यावेत. एटीकेटी म्हणजे ठरावीक विषय राहिले तरी पुढच्या वर्गात बसू देण्याची सवलत. विषय निघाल्याशिवाय पदवी मिळत नाही. आणि ज्याला खरंच सोडायचं आहे, त्याच्यासाठी आता दार पूर्ण बंद होत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०२१ साली श्रेयांक बँकेचे नियम केले. त्यात मिळवलेले श्रेयांक जास्तीत जास्त ७ वर्षं जमा राहतात. आपल्या अभ्यासक्रमाला ते कसे लागू आहेत, हे कॉलेजच्या कार्यालयात विचारून घ्यावं. मित्राच्या सांगण्यावर जाऊ नये.

अशा वेळी कोणीतरी रामानुजन यांचा दाखला देतोच. गणिताखेरीज कशात लक्ष लागेना म्हणून त्यांची शिष्यवृत्ती गेली, पुढे मद्रासला ते एफ.ए.ला नापास झाले, हे खरं. पण १९१२ साली पोर्ट ट्रस्टमध्ये महिना ३० रुपयांची कारकुनी मिळेपर्यंत त्यांनी केलेली वणवण कोणी सांगत नाही. शिवाय त्यांना एका विषयानं झपाटलं होतं. आपल्या पोराला कशानं झपाटलंय, हे आधी बघावं.

मुलानं हिवाळी परीक्षेचा फॉर्म भरला. 'ही एकच खेप. नाही निघाला तर मोटार रिवाइंडिंगचं काम शिकायचं,' असं बापलेकांत माझ्यासमोर ठरलं. महिनाभर तो संध्याकाळी ओट्यावर वही घेऊन येत होता. पेपर निघाला, अगदी काठावर. आता तिसऱ्या वर्षाचा एक विषय राहिलाय. या वेळी छायांकित प्रत त्यानं आपणहून मागवली आहे, आणि ती घेऊन रविवारी येतो म्हणालाय.