सेकंदाला हजार हाका

नंदुरबार जिल्ह्याच्या शहादा तालुक्यातलं टेंभली. २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातला पहिला आधार क्रमांक इथे दिला गेला, पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या उपस्थितीत. आज आधारवाल्यांची संख्या १३० कोटींच्या पुढे गेली आहे. मोठ्या आकड्यांचा नारळ नंदुरबार जिल्ह्यात फुटावा, यात नवं काही नाही. म्हणून आजचे आकडेही इथूनच उचलू. नंदुरबारच्या मिरची पथारीवर उभ्या असलेल्या एखाद्या व्यापाऱ्याच्या खिशातून. खिशात मोबाइल आहे, स्क्रीन काळी आहे, तासाभरात कुणी हात लावलेला नाही. तो मोबाइल आत काय करतोय? झोपतोय. उठतोय. पुन्हा झोपतोय. हे सगळं कितीदा आणि किती वेगाने चाललंय ते ऐकलंत, तर मिरचीशिवाय ठसका लागेल.

आधी वेगाचा अंदाज घेऊ. ३ गिगाहर्ट्झची चिप धरा, म्हणजे सेकंदाला ३०० कोटी ठोके. प्रकाशाएवढं वेगवान कुणी नाही ना? एका ठोक्यात प्रकाशसुद्धा फक्त १० सेंटीमीटर पुढे सरकतो. दर ठोक्याला चिपने एक मिलिमीटरचं पाऊल टाकलं असं समजा. मुंग्यासुद्धा हसतील एवढं पाऊल. तरी एका सेकंदात ती ३,००० किलोमीटर जाईल. मुंबई-पुणे रेल्वेने १९२ किलोमीटर आहे. डेक्कन क्वीनला एका फेरीला तीन तासांहून जास्त लागतात. ही तेवढं अंतर सेकंदात पंधरा वेळा कापून वर लोणावळ्याला चिक्की घ्यायला मोकळी.

आता तो काळ ताणून बघू. एक ठोका म्हणजे आपला एक सेकंद धरला, तर आपला एक सेकंद चिपला केवढा वाटेल? ९५ वर्षांचा! तुम्ही एकदा चुटकी वाजवेपर्यंत तिकडे आजोबांचं आयुष्य संपून नातवाच्या लग्नाची बोलणी सुरू. हा भाव डोक्यात पक्का ठेवा, पुढचं सगळं त्याच नाण्यात मोजायचं आहे.

अशी चिप दिवसभर पळत राहिली तर बॅटरीचं काही खरं नाही. म्हणून तिला झोपवावं लागतं, आणि झोपवण्याचं काम कर्नलचं, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचं. अँड्रॉइडच्या पोटात असतं ते लिनक्सचं कर्नल. नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगावच्या मोबाइलमध्ये तेच, आणि पुण्याच्या आयआयटीएममध्ये २०२४ साली सुरू झालेल्या ‘अर्क’ या हवामानाच्या महासंगणकातही तेच. त्या अर्कची क्षमता ११.७७ पेटाफ्लॉप्स, म्हणजे सेकंदाला ११,७७० लाख कोटी गणितं. नंदुरबार जिल्ह्याच्या २०११ च्या जनगणनेतली सगळी साडेसोळा लाख माणसं, तान्ह्या पोरांसकट, सेकंदाला एक याप्रमाणे गणितं सोडवायला बसवली, तर अर्कचं एका सेकंदाचं काम उरकायला त्यांना २२६ वर्षं लागतील. एकाच घराण्याचं कर्नल दोन्हीकडे राबतं, हे मला त्या पेटाफ्लॉप्सपेक्षा जास्त थक्क करतं. हे घराणं वाढलंय तरी किती! सप्टेंबर १९९१ मधल्या पहिल्या लिनक्समध्ये सुमारे १०,००० ओळी होत्या. २०२५ च्या सुरुवातीला त्या ४ कोटींवर गेल्या. पानाला ४० ओळी धरून छापायचं म्हटलं तर १० लाख पानं, पाचशे पानी जाडजूड ग्रंथ २,०००! अर्ध्याहून अधिक ओळी ड्रायव्हरच्या, म्हणजे जोडलेली यंत्रं चालवणाऱ्या तुकड्यांच्या, कारण कॅमेरा, वायफाय, टचस्क्रीन, जे जे म्हणून जोडता येतं त्या प्रत्येकाला कसं झोपवायचं आणि कसं उठवायचं हे वेगळं लिहावं लागतं.

झोपेचेही प्रकार असतात. इंटेलच्या २०१५ च्या स्कायलेक पिढीतल्या चिपसाठी कर्नलमध्ये एक तक्ताच लिहून ठेवला आहे. सगळ्यात हलकी डुलकी ‘सी१’. तिच्यातून जागं व्हायला २ मायक्रोसेकंद. आपल्या ताणलेल्या काळात हा झाला १ तास ४० मिनिटांचा आळस. ठीक आहे, रविवार समजून सोडून देऊ. पण सगळ्यात गाढ झोप ‘सी१०’. तिच्यातून उठायला ८९० मायक्रोसेकंद, म्हणजे ताणलेल्या काळात जवळजवळ ३१ दिवस! डोळे उघडायलाच महिना. आणि एवढ्या गाढ झोपेत शिरणं परवडायला हवं असेल, तर निदान ५,००० मायक्रोसेकंद तरी पडून राहायला हवं, असं तोच तक्ता सांगतो. ५,००० मायक्रोसेकंद म्हणजे ताणलेल्या काळात १७४ दिवस. पावणेसहा महिने! ही झोप आपल्या ओळखीची आहे. सहा महिने घोरणारा कुंभकर्ण आपण रामायणात पाहिला, तो आता लॅपटॉपमध्ये राहायला आलाय. (झोपल्यावर चिपचे ठोकेच थांबतात, तेव्हा हे महिने कागदावरचे, असं कुणी म्हणेल. म्हणू दे.)

आता या कुंभकर्णाच्या उशाशी एक घड्याळ ठेवा. जुन्या कर्नलमध्ये असं घड्याळ होतंच. काम असो वा नसो, ठरलेल्या वेळाने चिपला हाक मारायची. लिनक्सच्या २.४ पिढीत सेकंदाला १०० हाका. २.६ आली आणि सेकंदाला १,००० झाल्या. एक हाक म्हणजे एक रुपया धरा: पावणेतीन तासांत तुम्ही कोट्यधीश, आणि दिवसअखेर खात्यावर ८ कोटी ६४ लाख. नंदुरबार जिल्ह्यातल्या प्रत्येक माणसाने दिवसात ५२ वेळा तुमचं दार वाजवलं तर जेवढी टकटक होईल, तेवढी. आणि दार उघडून पाहावं तर बहुतेक वेळा बाहेर कुणीच नाही!

सेकंदाला हजार हाका म्हणजे चिपच्या काळात दर ३५ दिवसांनी एक हाक. ज्याला उठायलाच महिना लागतो आणि निदान पावणेसहा महिने झोप हवी, त्याला दर पस्तीस दिवसांनी हलवायचं. झोपणार कधी तो? २००५ पासून कर्नल तयार करतानाच हा आकडा निवडता येऊ लागला, आणि नेहमीचा आकडा २५० ठरला. तरी हिशोब बसतो का? २५० हाकांत दोन हाकांमधलं अंतर १३९ दिवस. हवे १७४. नाहीच बसत! १०० वर आणलं तर ३४७ दिवस मिळतात, तेव्हा कुठे कुंभकर्ण समाधानाने कूस बदलतो.

मग एप्रिल २००७ मध्ये कर्नलची २.६.२१ ही आवृत्ती आली आणि तिने विचारलं, काम नसताना हाक मारायचीच कशाला? झोपायच्या आधी पुढचं काम कधी आहे ते बघायचं आणि थेट तेव्हाचाच गजर लावायचा. (त्या काळच्या चिपमध्ये इतकी गाढ झोप नव्हती, पण गणित हेच.) दिवसाच्या ८ कोटी ६४ लाख हाका एका फटक्यात ऐच्छिक झाल्या.

संपला का त्रास? छे! घड्याळ गप्प झालं आणि इतके दिवस त्याच्या गोंगाटात दबलेले बाकीचे आवाज ऐकू यायला लागले. त्याच वर्षी मे महिन्यात इंटेलने ‘पॉवरटॉप’ नावाचा प्रोग्राम काढला. चिपला कोण किती वेळा उठवतं याची यादी तो समोर ठेवतो. लोकांनी आपापल्या लॅपटॉपवर तो चालवला आणि कपाळाला हात लावले. कुणी आवाज कमी-जास्त केला का हे बघायला उठणारे होते, निरोप आला का हे बघायला उठणारे होते. असा एक जण सेकंदाला दहादा उठवतो म्हटलं तरी दिवसाला ८ लाख ६४ हजार वेळा. असे दहा जण असले तर ८६ लाख, आणि आपल्या फोनमध्ये ॲप किती आहेत ते मोजून बघा.

खरी धमाल पुढेच आहे. नुसती चिप नाही, अख्खा लॅपटॉप झोपवला, झाकण उघडलं, आणि तो उठलाच नाही. स्क्रीन काळी, कीबोर्ड मेलेला, डिस्क झोपलेली. शेकड्यांनी ड्रायव्हर एकामागून एक जागे होत होते, त्यातला कुणीतरी मध्येच अडकला. कोण? सांगणार कोण? लिहायला डिस्क नाही, दाखवायला स्क्रीन नाही. बटण दाबून बंद करावं तर मेमरीतलं सगळं पुसलं जातं.

२००६ मध्ये लिनक्सचे जनक लिनस टॉर्वल्ड्स यांनी यावर जी युक्ती लिहिली, तिला तोड नाही. बंद-चालू केल्यावरही संगणकात एक गोष्ट टिकते, छोट्या बॅटरीवर चालणारं तारीख-वेळेचं घड्याळ. तर मग पुरावा त्या घड्याळातच लिहायचा! प्रत्येक ड्रायव्हर उठायच्या आधी त्याच्या नावाचा आकडा तारीख आणि वेळ म्हणून घड्याळात ठोकून द्यायचा. गाडी जिथे अडकेल, तिथे शेवटची तारीख तशीच राहते. घड्याळात जागा किती? १०० वर्षं, १२ महिने, महिन्याचे २८ दिवस, २४ तास आणि मिनिटं तीन-तीनच्या उड्यांनी, म्हणजे २०. गुणा! १ कोटी ६१ लाख २८ हजार वेगवेगळ्या तारीख-वेळा. नंदुरबारएवढ्या लोकसंख्येचे जवळजवळ दहा जिल्हे एका नाण्याएवढ्या बॅटरीवरच्या घड्याळात मावले.

मिनिटं तीन-तीनने का? कारण घड्याळ तर चालूच राहणार. अडकल्यावर तीन मिनिटांच्या आत संगणक पुन्हा सुरू केलात तर पुरावा शाबूत, नाहीतर आकडा पुढे सरकला. तीन मिनिटांत सुरू करायचं, मग कर्नल ‘मॅजिक नंबर’ अशा मथळ्याखाली आकडा दाखवतं आणि तो कुणाशी जुळतो ते सांगतं. संशयित सापडला! फक्त संगणकाला त्या दिवशी भलतंच साल वाटत असतं, ते आठवणीने दुरुस्त करायचं. अख्ख्या कर्नलमध्ये मला हीच जागा सगळ्यात आवडते.

घड्याळावरून आठवलं. १ जुलै ही नंदुरबारची वाढदिवसाची तारीख. १९९८ मध्ये याच दिवशी धुळ्यातून हा जिल्हा वेगळा झाला. जिल्ह्याच्या चौदाव्या वाढदिवशी, १ जुलै २०१२ रोजी, पहाटे ५ वाजून २९ मिनिटं ५९ सेकंद झाले आणि त्यानंतर साडेपाच वाजलेच नाहीत. आधी ६० आकड्याचा सेकंद आला. पृथ्वीच्या फिरण्याशी मेळ घालायला जगभरच्या घड्याळांत हा एक जादा सेकंद घातला होता. भिंतीवरच्या घड्याळाने तो मानला, पण कर्नलच्या आतल्या गजरांपर्यंत निरोप पोहोचलाच नाही. ते एक सेकंद पुढेच राहिले. आता एखादा प्रोग्राम म्हणाला, “अर्ध्या सेकंदाने उठव,” की गजर म्हणणार, “वेळ तर होऊन गेली, ऊठ!” तो उठला, काम नाही, पुन्हा म्हणाला अर्ध्या सेकंदाने उठव. पुन्हा ऊठ! पुन्हा! पुन्हा! जगभरचे सर्व्हर झोप विसरून जागच्या जागी गरगरायला लागले. रेडिट ही वेबसाइट कोलमडली, तिकडे ऑस्ट्रेलियात क्वांटासची विमानं खोळंबली. सर्व्हर भाड्याने देणाऱ्या जर्मनीच्या हेट्झनर कंपनीने आपल्या ग्राहकांना कळवलं की कंपनीचा वीजवापर जवळजवळ एक मेगावॅटने वाढला आहे.

एका सेकंदामुळे एक मेगावॅट! विहिरीवरच्या पाच हॉर्सपॉवरच्या मोटरी मोजा: २६८ मोटरी एकदम सुरू केल्यासारखं. २६८ विहिरींचा उपसा, आणि पाण्याचा थेंब नाही. आणि उपाय काय होता? घड्याळाला तीच वेळ पुन्हा लावायची. आहे तीच वेळ! एका ओळीची आज्ञा, आणि सर्व्हर गुमान झोपायला गेले. (२०३५ पर्यंत हे जादा सेकंद बंद करायचं आता जगाने ठरवलंय. बरं झालं.)

आता चला परत मोबाइलकडे आणि शेवटची चढण चढू. मोबाइलला पूर्ण झोप कधीच नसते. ४जीवर कुणाचा फोन आला का हे ऐकायला तो साधारण दर १.२८ सेकंदांनी टॉवरकडे कान देतो, दिवसाला ६७,५०० वेळा. तोरणमाळच्या वळणावर रेंज गेली की त्याला टॉवर शोधत फिरावं लागतं, आणि चार्जिंग धडाधड उतरतं. त्यात एखाद्या ॲपने ‘मी काम करतोय, झोपू नको’ म्हणून अडवून धरलं आणि सोडायचं विसरलं, तर खिशातला मोबाइल न वापरता गरम लागतो.

५,००० एमएएचची बॅटरी म्हणजे साधारण १९ वॅट-तास. असे ५२ मोबाइल पूर्ण भरले तर विजेचं एक युनिट. विहिरीवरची ती मोटर तासभर चालली तर १९० मोबाइल भरतील. एवढीशी ती चीज! तिच्यातून उगाच ०.४ वॅट गळतोय असं समजा. शून्य पॉइंट चार! आता देशातल्या १०० कोटी मोबाइलमध्ये एकाच वेळी तेवढाच गळतोय असं समजा. ०.४ गुणिले १०० कोटी. ४०० मेगावॅट! हेट्झनरच्या त्या दिवसाच्या ४०० पट. विहिरी? एक लाख सात हजार मोटरी एकदम! धरण? सरदार सरोवराची पूर्ण क्षमता १,४५० मेगावॅट, महाराष्ट्राचा त्यात वाटा २७ टक्के, म्हणजे ३९१.५ मेगावॅट. नंदुरबार जिल्ह्यातल्याच अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ गावं बुडिताखाली गेली त्या धरणातून आपल्या राज्याच्या पदरात पडते ती सगळी वीज, वर साडेआठ मेगावॅट.

०.४ वॅट म्हणजे नेमकं किती, ते घरच्या घरी बघता येतं. रात्री दहाला मोबाइल १०० टक्क्यांवर ठेवून द्या. सकाळी सहाला ८३ दिसले, की तोच तो ०.४ वॅट.