दोन नाताळ घराबाहेर

फेब्रुवारी २०१९ पर्यंत मॉर्मन चर्चच्या तरुण मिशनऱ्याला वर्षातून फक्त दोनदा घरी फोन करता येत असे. एक मातृदिनाला, दुसरा नाताळला. एरवी आठवड्याला एक ईमेल, आणि त्याच्या वडिलांच्या पिढीला तर फक्त पत्र. अमेरिकेतल्या युटा राज्यात त्यामुळे २५ डिसेंबरला घराघरांत फोनची वाट बघितली जायची. मुलगा घानात असो, पेरूत असो की भारतात, तिकडे किती वाजले असतील याचा हिशेब आधीच झालेला असायचा. आजी-आजोबांपासून धाकट्या भावंडांपर्यंत सगळे फोनभोवती जमायचे. ठरलेला वेळ संपला की पुन्हा त्याचा आवाज ऐकू येणार तो थेट मे महिन्यात.

या चर्चचं पूर्ण नाव ‘चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’. जोसेफ स्मिथ यांनी ६ एप्रिल १८३० रोजी न्यूयॉर्क राज्यात ते स्थापन केलं आणि १८४७ पासून त्याचं केंद्र याच युटातल्या सॉल्ट लेक सिटीत आहे. बायबलच्या जोडीने ‘बुक ऑफ मॉर्मन’ हा ग्रंथ ते पवित्र मानतात. लोकांनी दिलेलं मॉर्मन हे नाव त्यावरूनच पडलं. २०१८ पासून चर्चचे नेते हे टोपणनाव वापरू नका असं आग्रहाने सांगतात, पण जगाच्या तोंडी तेच बसलं आहे. इतर अनेक ख्रिस्ती पंथ त्यांना आपल्यात धरत नाहीत. स्वतः मॉर्मन मात्र स्वतःला ख्रिस्तीच म्हणवतात आणि नाताळ मनापासून साजरा करतात.

या चर्चमधल्या मुलाने वयाच्या अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी शिक्षण थांबवून दोन वर्षं धर्मप्रचाराला जावं अशी अपेक्षा असते. मुलींनी दीड वर्ष जायचं असतं, पण त्यांना ते ऐच्छिक. २०१२ मध्ये वयाची अट मुलांसाठी १९ वरून १८ वर आणि मुलींसाठी २१ वरून १९ वर आणली, तेव्हा अर्जांचा पूर आला. पगार नाही. खर्च स्वतःच्या बचतीतून किंवा घरच्यांच्या खिशातून. कुठे जायचं हे स्वतः ठरवता येत नाही. सॉल्ट लेक सिटीहून बोलावणं येतं आणि त्यात देश व भाषा लिहिलेली असते. भाषा नवी असेल तर काही आठवडे प्रशिक्षण केंद्रात घोटून घ्यायची आणि निघायचं. २०२४ च्या अखेरीस असे सुमारे ७४ हजार मिशनरी जगभर काम करत होते.

तिथलं आयुष्य कडक शिस्तीचं असतं. सकाळी साडेसहाच्या सुमारास उठणं, ग्रंथवाचन, मग दिवसभर घरोघर आणि रस्त्यावर लोकांशी बोलणं. मुलाला ‘एल्डर’ आणि मुलीला ‘सिस्टर’ म्हणायचं, पुढे फक्त आडनाव. पहिल्या नावाने हाक मारणारं कुणी उरत नाही. कायम जोडीने राहायचं, जोडीदार चर्च ठरवणार आणि काही महिन्यांनी तोही बदलणार. प्रेमप्रकरण वर्ज्य. आठवड्यातून एक दिवस कपडे धुवायला, बाजारहाट करायला आणि घरी लिहायला.

या दिनक्रमात डिसेंबर येतो. दोन वर्षांच्या सेवेत मुलाच्या वाट्याला घराबाहेरचे दोन नाताळ येतात. पहिला बहुधा फार जड जातो, कारण भाषा अजून जिभेवर बसलेली नसते आणि ज्या गावात आपण आहोत तिथे बऱ्याचदा कुणाला आपल्या सणाचं काही नसतं. जपानमध्ये २५ डिसेंबर हा कामाचा दिवस असतो, दुकानं-कचेऱ्या नेहमीप्रमाणे चालू. ऑस्ट्रेलियात भर उन्हाळा. हैदराबादेत एखाद्या स्थानिक ख्रिस्ती कुटुंबाने आग्रहाने वाढलेली बिर्याणी हेच नाताळचं जेवण. दवाखान्यात, वृद्धाश्रमात जाऊन गाणी म्हणायची, सेवेचं काम करायचं, संध्याकाळी परिसरातल्या सगळ्या जोड्यांनी एकत्र जमायचं. अठरा वर्षांच्या मुलाला घराची आठवण येऊ नये अशी व्यवस्था कुठलीच संस्था करू शकत नाही. या चर्चने तर आठवणीला वाट करून देणारा फोनच मोजूनमापून दिला होता. घराकडे ओढलं जाणारं मन कामाला लागत नाही, हा त्यामागचा विचार. त्यात तथ्य असेलही, पण त्या मुलांच्या आयांनी वर्षानुवर्षं त्याची जी किंमत मोजली तीही खरीच होती.

महाराष्ट्राशी या पंथाचा संबंध जुना आहे. ह्यू फिंडले नावाचा स्कॉटिश मॉर्मन प्रचारक १८५२ मध्ये मुंबईत उतरला. वय तिशीचं. थोड्याच काळात तो पुण्याला गेला आणि लष्कर भागात गोऱ्या शिपायांमध्ये प्रचार करू लागला. लष्करी अधिकाऱ्यांना ते खपलं नाही. छावणीत बंदी झाल्यावर त्याने बाहेर, देशी वस्तीत बिऱ्हाड केलं आणि मराठी शिकायला घेतली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सॉल्ट लेक सिटीतल्या एका खास अधिवेशनात भारतासाठी आणखी प्रचारक नेमले गेले, आणि त्याच अधिवेशनात चर्चने बहुपत्नीत्वाची रीत जगापुढे उघडपणे मान्य केली. ही बातमी वर्तमानपत्रांतून हिंदुस्थानात पोचली तेव्हा फिंडलेचं काम दुपटीने अवघड झालं. नवे प्रचारक १८५३ च्या एप्रिलमध्ये कलकत्त्याला पोचले, कराचीपासून मद्रासपर्यंत पांगले, आणि १८५६ पर्यंत जवळजवळ सगळे परत गेले. हाती लागलेले अनुयायी मोजकेच, तेही बहुतेक युरोपीय. या पंथाने पुढे १८९० मध्ये नवी बहुपत्नी लग्नं थांबवल्याचं जाहीर केलं, पण तोवर भारताचा अध्याय कधीच मिटला होता.

बुलढाणा जिल्ह्यात मिशनरी म्हटलं की मात्र वेगळं नाव पुढे येतं, ‘अलायन्स मिशन’. ‘ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स’ ही १८८७ मध्ये ए. बी. सिम्पसन या न्यूयॉर्कच्या पाळकांनी उभी केलेली चळवळ. धर्मसिद्धांतात मॉर्मनांशी तिचं पटण्यासारखं काही नाही. पण तरुण अमेरिकन मुलं-मुली, अपुरे पैसे, अनोळखी भाषा आणि हजारो मैलांवरचं घर या बाबतीत दोघांची गोष्ट सारखी आहे. अलायन्सने वऱ्हाड हे आपलं क्षेत्र निवडलं. अकोला मुख्य ठाणं, आणि मग खामगाव, बुलढाणा, चिखली, मलकापूर. येणं सोपं होतं, कारण मुंबई-नागपूर रेल्वे १८६७ मध्येच पूर्ण झाली होती आणि जलंब-खामगाव फाटा १८७० पासून कापसाच्या गाठी वाहत होता.

आल्याबरोबर मराठीची परीक्षा. ती उतरल्याशिवाय पूर्ण मिशनरी म्हणून धरत नसत. आजचा मॉर्मन मुलगा दोन वर्षांनी घरी जातो, पण अलायन्सच्या माणसाला पहिली दीर्घ रजा मिळायला सहा-सात वर्षं लागायची. नाताळचं पत्र वेळेवर मिळावं असं घरच्यांना वाटलं तर ते नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच टपालात टाकावं लागे. डिसेंबरात तर वऱ्हाड सर्वांत गजबजलेलं असतं. कापूस बाजारात येतो, खामगावच्या रस्त्यांवर बैलगाड्यांची रांग लागते, शेतात ज्वारी हुरड्याला येते. बुलढाणा घाटावर असल्याने तिथली थंडी या परदेशी लोकांना सुखाची वाटत असणार. शेगावात त्याच काळात, १८७८ ते १९१०, गजानन महाराजांभोवती भक्तांची गर्दी वाढत होती. म्हणजे हा प्रदेश धर्माच्या बाबतीत मुळीच रिकामा नव्हता. इथल्या माणसाला देव, भजन, उपास, नवस सगळं घरचंच होतं, आणि मिशनऱ्यांना अनुयायी थोडे मिळाले यात नवल नाही.

मग दुष्काळ आले. १८९६-९७ चा, आणि लगोलग १८९९-१९०० चा, जो वऱ्हाडात फार भयंकर ठरला. अलायन्सने अकोल्यात मुलांचं आणि खामगावात मुलींचं अनाथालय चालवलं. उपाशी, आजारी, आईबापांवेगळ्या झालेल्या मुलांना खाऊ घालणं, धुणं, पुरणं हे काम या विशी-तिशीतल्या परदेशी माणसांवर पडलं. धर्मांतराच्या प्रश्नावर तेव्हाही वाद होता आणि आजही आहे. भुकेल्या पोराला अन्न देणारा त्याला धर्मही देत असेल, तर त्या पोराची निवड खरोखर किती मोकळी, हा प्रश्न टाळता येत नाही. तसंच त्या वर्षी त्या पोराला उचलून नेणारं कुणीतरी होतं, हेही विसरता येत नाही. अलायन्सच्या इथल्या कामाचं नेतृत्व करणाऱ्या फुलर दांपत्यातील जेनी फुलर यांनी भारतीय स्त्रियांच्या हालांवर लिहिलेलं इंग्रजी पुस्तक १९०० मध्ये आलं. त्याला प्रस्तावना पंडिता रमाबाईंची होती. त्याच वर्षी जेनीबाई वारल्या, भारतातच.

वऱ्हाडातला नाताळ पुढे परदेशी राहिला नाही. मराठी ख्रिस्ती कुटुंबांत करंज्या, शंकरपाळे, चकल्यांचा फराळ होतो, दारात कागदी चांदणी लागते, आणि उपासनेत नारायण वामन टिळकांची मराठी पदं पेटी-तबल्यावर म्हटली जातात. परदेशी मिशनरी स्वातंत्र्यानंतर हळूहळू कमी होत गेले. १९५४ मध्ये तत्कालीन मध्य प्रदेश सरकारने मिशनऱ्यांच्या कामाच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांची समिती नेमली, तेव्हा बुलढाणा त्याच राज्यात होता. १९५६ च्या तिच्या अहवालानंतर परदेशी प्रचारकांकडे बघण्याची सरकारी नजर आणखी कडक झाली. आजही धर्मप्रचारासाठी भारतात यायचं तर वेगळा मिशनरी व्हिसा लागतो.

मॉर्मन चर्च भारतात पुन्हा रुजलं ते याच पार्श्वभूमीवर, आणि तेही एका नाताळात. सामोआत राहणारे एडविन आणि एल्सी धर्मराजू हे भारतीय दांपत्य तिथे या पंथात आलं होतं. डिसेंबर १९७८ मध्ये चर्चने त्यांना अल्पकाळासाठी हैदराबादला, त्यांच्याच नातेवाइकांकडे पाठवलं. त्या मुक्कामात २२ जणांनी बाप्तिस्मा घेतला. एल्सी यांचे वडील बाप्टिस्ट पाळक होते, आणि बुक ऑफ मॉर्मनचं तेलुगू भाषांतर त्यांनीच केलं. १९९३ मध्ये बंगळूरला भारतातलं पहिलं मिशन कार्यालय झालं, २००७ मध्ये दिल्लीला दुसरं.

व्हिसाच्या अडचणीमुळे या कार्यालयांत काम करणारे बरेचसे तरुण आता भारतीयच असतात. राजमहेंद्रीचा तेलुगू मुलगा दिल्लीत हिंदी शिकत हिंडतो, चेन्नईची मुलगी बंगळुरात. घर रेल्वेने गाठता येण्यासारखं असतं, तरी नियम तोच. सेवा पूर्ण होईपर्यंत घरी जायचं नाही, दिवाळी-संक्रांतीला नाही की नाताळलाही नाही. पुण्यात नोकरीला लागलेल्या चिखली-मेहकरच्या पोराला निदान सुटी मागता येते.

१५ फेब्रुवारी २०१९ पासून फोनचा नियम बदलला. आता दर आठवड्याला सुटीच्या दिवशी फोन, मेसेज किंवा व्हिडिओ कॉल करता येतो. पुढच्याच वर्षी करोनामुळे हजारो मिशनऱ्यांना घाईघाईने आपापल्या देशात परतावं लागलं आणि अनेकांनी उरलेली सेवा मायदेशी राहूनच केली. आठवड्याच्या फोनमुळे मुलं जास्त काळ टिकतात की मनाने घरीच राहतात, यावर जुन्या मिशनऱ्यांमध्ये अजून मतभेद आहेत. वर्षातून दोन फोनांवर दोन वर्षं काढलेला माणूस त्या फोनबद्दल अभिमानाने बोलतो. त्याच्या आईला विचारलं तर नवा नियमच बरा म्हणेल. व्हिडिओ कॉल असला तरी नाताळचा कॉल मुद्दाम लांबवला जातो. घरातली सगळी माणसं पडद्यावर येऊन जातात आणि जोडीदाराचीही ओळख करून दिली जाते, कारण त्या दिवशी त्या खोलीत त्याचंही घरचं दुसरं कुणी नसतं.